तिला एकटीला विचारा

डॉक्टर विचारतात, "पाळी कधी आली होती?" उत्तर सासू देते. "मुलं किती?" नवरा सांगतो. "त्रास काय होतोय?" याचंही उत्तर शेजारच्या खुर्चीवरून येतं आणि जिला त्रास होतोय ती नुसती मान हलवते. जिल्हा रुग्णालयाच्या गर्दीत हे घडतं तसंच शहरातल्या महागड्या क्लिनिकमध्येही घडतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट, घरचं माणूस सोबत आलंय म्हणजे बाईची काळजी घेणारं कुणीतरी आहे, असंच सगळे धरून चालतात.

माझं म्हणणं असं आहे की गर्भनिरोधन, पाळीच्या तक्रारी, गर्भपात, बाळंतपण यांपैकी कशासाठीही बाई दवाखान्यात आली, तर त्या भेटीतला काही वेळ तिच्या एकटीचा असला पाहिजे. सोबतचं माणूस कितीही मायेचं असलं तरी तेवढा वेळ बाहेर बसेल. आणि हे एखाद्या सहृदय डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता नियम म्हणून व्हायला हवं, कारण मर्जीवर सोडलेली गोष्ट गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी गळते.

दार बंद झाल्यावर बायका काय विचारतात, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. "बाळ अंगावर पितंय, पाळी अजून आली नाही, तरी दिवस जातील का?" हा प्रश्न तर बाळंतपणानंतरच्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात असतो आणि सासूसमोर तो तोंडातून फुटत नाही, कारण त्यातून 'एवढ्या लवकर?' असं काहीतरी उघडं पडतं. उत्तर साधं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसा-रात्री फक्त आईच्या दुधावर असेल, वरचं पाणीसुद्धा देत नसतील आणि पाळी आलेली नसेल, तर गर्भ राहण्याची शक्यता फारच कमी असते. यातली एक जरी अट मोडली तरी भरवसा संपला. बीज आधी बाहेर पडतं, पाळी त्यानंतर येते. त्यामुळे पाळी यायची वाट बघत बसलेली बाई पाळी न येताच पुन्हा गरोदर राहू शकते. हे कुणी न सांगितल्यामुळे पहिलं बाळ रांगत असतानाच दुसऱ्या गर्भाची बातमी येते आणि मग दोष बाईच्या माथी.

तांबीबद्दल, म्हणजे कॉपर टीबद्दल, विचारतात, "ती वर चढून काळजात जाते का?" नाही जात. हजारात एखाद्या वेळी बसवताना ती गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार जाऊ शकते आणि मग ती शोधून काढावी लागते. पण छातीपर्यंत जायला तिला वाटच नाही. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात कळा येतात, आणि हे आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरून ती काढून टाकायला येते. कॉपर टी ३८० ए दहा वर्षं चालते आणि काढली की लगेच गर्भ राहू शकतो. हे तिला बसवण्याआधी कळायला हवं. बाळंतपणाच्या कळा चालू असताना पुढ्यात धरलेल्या कागदावर घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही. तांबी बसवलीय हे घरी गेल्यावर, कधी कधी महिन्यांनी कळलं, अशा तक्रारी स्त्रियांच्या आरोग्याचं काम करणाऱ्यांना नव्या नाहीत.

आणि एक प्रश्न तर बाईला एकटी असतानाच विचारता येतो: "घरात कुणाला कळणार नाही असं काही आहे का?" दोन मुली आहेत, मुलासाठी तिसरी खेप हवी असा घरचा हट्ट आहे, रक्त अंगात नाही, आणि तिला आता नको आहे. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळतं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, घरात पाकीट नाही, गोळी नाही. पण त्याने पाळी अनियमित होते, पुष्कळदा थांबते. पाळी थांबली की घरात लगेच 'दिवस गेले' अशी कुजबुज सुरू होते. ते बंद केल्यावर गर्भ राहायला बरेच महिने लागू शकतात, हेही सांगायला हवं. आठवड्याला घ्यायची 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा. ती लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोनविरहित गोळी. यातलं कोणतं तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या स्वभावात, तिच्या रोजच्या दिवसात बसेल हे तिच्याशी बोलल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सासूसमोर ते बोलणं होणार कसं?

गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस आठवा. मेडिकलच्या काउंटरवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा खप वाढतो, आणि त्या बऱ्याचदा नवरा किंवा दीर आणून देतो. ही नोरएथिस्टेरॉनची गोळी. पाळी अपेक्षित असते त्याच्या तीन दिवस आधीपासून ती घ्यावी लागते. रक्ताच्या गाठीचा त्रास होऊन गेलेल्या बाईने विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि तिच्या भरवशावर गर्भनिरोधनही होत नाही. पाळी चालू असताना देवाचं करू नये असं मी मानत नाही, पण ज्या बाईला तसं वाटतं तिला निदान ती काय गिळतेय हे कळण्याचा हक्क आहे. तीच गत संबंधानंतर घ्यायच्या ७२ तासांच्या गोळीची. ती बीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, वारंवार घेतल्याने वांझपण येत नाही, पण पाळीचं वेळापत्रक बिघडतं आणि नेहमीचं साधन म्हणून ती फार कच्ची आहे. २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. म्हणजे जिथे बोलायला कुणी नाही तिथेच ती विकली जाते.

न विचारलेल्या प्रश्नांचं ओझं किती, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा नीट दाखवलं गडचिरोलीने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक संसर्गाचा एक तरी आजार होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक. आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच जगभरच्या योजनांमध्ये धरलेलं होतं. आजार अंगात होते, बायका ते सोसत होत्या, आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

आता त्या अभ्यासाला साडेतीन दशकं झाली. दवाखाने वाढले, रस्ते झाले, १०८ची गाडी आली, गावोगावी आशाताई आहेत. पण यंत्रणा बाईला भेटते ती अजूनही मुख्यतः दोन कारणांसाठी: बाळंतपण नोंदवायला आणि नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला. त्या दोन्हींचे रकाने आहेत, उद्दिष्टं आहेत, मोबदला आहे. आशाताई एखाद्या घरी तासभर बसून पांढऱ्या पाण्याबद्दल बोलली तर त्याला रकाना नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के स्त्रीच्या नसबंदीवर अवलंबून आहेत; पुरुषाच्या नसबंदीवर ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर स्त्री-नसबंदीचं प्रमाण देशाहूनही जास्त, जवळपास निम्म्यापर्यंत. आपल्याकडे बाईचं हे ऑपरेशन सर्रास पंचविशी-सव्विशीत उरकलं जातं. ज्या वयात शहरातली मुलगी लग्नाचा विचार सुरू करते त्या वयात गावातली तिची बहीण 'मोकळी' झालेली असते. आणि मोकळी झाली की यंत्रणाही तिच्यातून मोकळी होते! तिच्यापुढे पाळीची आणखी वीसेक वर्षं असतात. त्या वर्षांत तिला संसर्ग होतो, अंगावरून जातं, कंबर धरते, पोटात दुखतं. तिच्या नावापुढे 'ऑपरेशन झाले' अशी नोंद आहे, म्हणून तिच्या दारात कुणी येत नाही.

मग ती पैसे मोजून खाजगीत जाते आणि तिथे तिला सांगतात, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका." मुलं झाली आहेत, ऑपरेशन झालंय, आता पिशवीचा उपयोग काय, असं सोबतचा नवराही म्हणतो आणि डॉक्टरही. बीडची गोष्ट सगळ्यांनी वाचली, हळहळही झाली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. देशात १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडच्या बाबतीत सगळ्यांचं बोट गेलं ते उचल, मुकादम आणि खाड्याच्या दंडाकडे, आणि ते बरोबरच आहे. पाळीच्या चार दिवसांत मोळी उचलायची, फडात ना आडोसा ना पाणी, आणि न आल्यास पैसे कापले जाणार, तर पाळीच नको असं वाटणारच. पण त्या मागे दवाखान्याचाही एक भाग आहे. त्यांतल्या किती जणींना कुणी एकटीला बसवून सांगितलं असेल की पांढरं जाणं हे बहुतेक वेळा आठवडाभराच्या औषधाने बरं होणारं संसर्गाचं लक्षण असतं, किंवा ते अगदी नैसर्गिकही असू शकतं? की गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर तिशीत-चाळिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो? की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती असेल तर आधी तपासणी करतात, थेट पिशवी काढत नाहीत?

ही तपासणी काही दूरची, परदेशातली गोष्ट नाही. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या, आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी होऊ शकतात, हे २००९ मध्ये जगापुढे मांडलं गेलं ते त्या गावांमधल्या बायकांच्या जोरावर. जगाला उत्तर देणाऱ्या मराठवाड्यातल्याच शेजारच्या जिल्ह्यात बायका कॅन्सरच्या नुसत्या धाकाने पिशव्या काढून घेत होत्या. बीडमध्ये पुढे अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. चांगलं झालं, पण परवानगीच्या कागदावर एका डॉक्टरने दुसऱ्याला विचारायचं असतं. बाईला विचारायचं राहूनच गेलं.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे, आणि हे फार थोड्या जणींना माहीत आहे. अठरा वर्षांवरच्या स्त्रीच्या गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या कायद्यातच हे आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं; गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणासाठी 'विवाहित स्त्री'ची अट गेली; आणि स्त्रीचं नाव-गाव उघड करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क दिला. नसबंदीसाठीही सरकारच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोडीदाराची संमती आवश्यक नाही. तरीही दवाखान्यात फॉर्म पुढे येतो आणि विचारलं जातं, "मिस्टर कुठे आहेत?" डॉक्टरांनाही दोष देताना मी एक मान्य करते: उद्या नातेवाईक येऊन तोडफोड करतील, या धास्तीने ते सही मागतात. पण त्या धास्तीची किंमत ती बाई मोजते. सही मिळेपर्यंत आठवडे जातात, आणि मग ती कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या गोळ्या घरीच घेते.

प्रश्न विचारणं आणि त्याला उत्तर देणं याची महाराष्ट्रात मोठी किंमत मोजली गेलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांच्यावरचा १९३४ चा खटला होता वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं. आज अशा उत्तरांवर खटला होत नाही. तरीही त्या काळी पत्र पाठवून मिळणारा एकांत आजच्या ओपीडीत मिळत नाही, ही मला खरोखर लाजिरवाणी गोष्ट वाटते.

"डॉक्टरला वेळ कुठे आहे?" हा आक्षेप खरा आहे. एका वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर सकाळची रांग केवढी असते ते मला दिसतं. पण हे काम डॉक्टरनेच करायला हवं असं नाही. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीच्या चाचणीसाठी समुपदेशकाची वेगळी खोली गेली कित्येक वर्षं आहे. गरोदर बाई तिथे एकटी आत जाते, दार लागतं, बोलणं गुप्त राहतं, आणि सासू बाहेर बाकावर बसते. कुठे कुणाची संस्कृती बुडाली? कुणी मोर्चा काढला? 'इथे असंच असतं' एवढ्या एका वाक्यात घरच्यांनी ते स्वीकारलं. एका आजारासाठी जे जमलं ते पाळीसाठी, गर्भनिरोधनासाठी का जमू नये? किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिकंही आपल्याकडे निघाली. माणूस आहे, खोली आहे, पद्धत माहीत आहे. उरला तो आदेश, आणि तो पाळला गेला का हे तपासणारा एक रकाना.

वेळ वाचतो असं वाटतं तिथेच तो वाया जात असतो, हेही सांगायला हवं. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या घ्या. "गोळ्या घेतेस ना?" सासूसमोर उत्तर येतं, "हो." त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात गरोदरपणात १८० दिवस या गोळ्या घेतलेल्या माता आहेत २६ टक्के. बाकीच्यांच्या गोळ्या फडताळात पडून राहतात. का? गोळीने शौच काळी होते, म्हणून बाळही काळं होईल अशी भीती; बाळ फार मोठं होऊन सिझर होईल अशी भीती; मळमळ होते, बद्धकोष्ठ होतो. एकटीला विचारलं की ती हे दोन मिनिटांत सांगते. काळेपणा हा न शोषलेल्या लोहाचा, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. गोळी रात्री जेवणानंतर घेतली, चहाबरोबर घेतली नाही, तर त्रासही कमी होतो आणि गोळी अंगीही लागते. ही दोन मिनिटं न दिल्याने ती बाई सात ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन प्रसूतीच्या टेबलावर येते, आणि तेव्हा रक्ताच्या पिशवीसाठी धावणाऱ्या माणसांचे तास कुणी मोजत नाही.

नवऱ्याला बाहेर बसवा म्हणताना त्याला विसरा असं मी म्हणत नाही. पुरुषांचेही प्रश्न आहेत आणि त्यांना तर विचारायला जागाच नाही, कारण हा सगळा 'बायकांचा विभाग'. नसबंदीने ताकद जाते का, जड काम जमेल का, संबंधांत फरक पडतो का? बिनटाक्याच्या नसबंदीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, जागा बधिर करून होते, पुरुषी हार्मोन तसंच तयार होत राहतं, ताकद जात नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यावं लागतं. स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा हे कितीतरी सोपं आणि सुरक्षित आहे. १९७५-७७ च्या आणीबाणीतल्या जबरदस्तीने या शस्त्रक्रियेचं नाव जे खराब झालं ते अजून सुधारलेलं नाही. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारी विधानसभा आपलीच होती, हे महाराष्ट्राने लक्षात ठेवलं पाहिजे. सक्तीची भीती घालवायची तर पुरुषालाही शांतपणे, एकट्याने विचारता यायला हवं. तो बायकोसमोर विचारणार नाही आणि चावडीवर तर नाहीच.

आणि सासूबद्दल. या लेखात ती वारंवार आडवी आलीय, पण मला ती खलनायिका वाटत नाही. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आज ती सुनेच्या वतीने बोलते तेव्हा तिच्या स्वतःच्या अंगात काय चाललंय हे कुणालाच माहीत नसतं. खोकलं की लघवी होते. अंग बाहेर येतं, ते हाताने आत सारून ती घरातली आणि शेतातली कामं उरकते. पाळी जाऊन पाच वर्षं झाली आणि परवा पुन्हा डाग दिसला. पाळी गेल्यानंतरचं रक्त कधीही साधं समजायचं नसतं, त्याची तपासणी लगेच व्हावी लागते, कारण काही जणींमध्ये तो गर्भाशयाच्या कॅन्सरचा पहिला इशारा असतो. ती मात्र सुनेचा केसपेपर काढून, सुनेची उत्तरं देऊन परत जाते. सुनेशी बोलून झाल्यावर तिला आत बोलवावं, सुनेला बाहेर बसवावं आणि विचारावं, "मावशी, तुम्हाला काही त्रास?"